सी विंग २०४ : मतदार यादीचा विषय

सी-३०३: सेक्रेटरीसाहेब, सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतोय. २०४मधल्या मुलींना मतदार यादीसाठी आपल्या सोसायटीचा पत्ता कुणी दिला? ११ महिन्यांच्या करारावर राहतात, उद्या निघून जातील.

सेक्रेटरी: मी काही दिलेलं नाही. त्यांनी नावनोंदणीचा फॉर्म ६ स्वतः भरलाय. त्याला आपली एनओसी लागत नाही.

सी-३०३: असं कसं? आपल्या सभेत भाडेकरूला मत नाही, मग इथे कसं?

बी-४०२: भाऊ, सोसायटीत मत सभासदाला, देशात नागरिकाला. आपण जिथे राहतो तिथे नाव नोंदवायचं, घर मालकीचं असो नसो.

सी-३०३: एका माणसाचं एकच मत, एकाच जागी. यांची नावं गावीही असणार.

सी-२०४: काका, नमस्कार. आमच्यातल्या दोघींची ही पहिलीच नोंदणी आहे. तिसरीचं नाव गावी होतं, ते तिने फॉर्म ८ भरून इथे हलवायला दिलंय. फॉर्मवर खोटं लिहिलं तर वर्षभराची कैद होऊ शकते, ते वाचूनच सही केलीय.

डी-१०४: कैद म्हटल्यावर आठवलं, माझी गाडी आज परत अडकवून ठेवलीय. ३०३, तुमचीच गाडी आडवी आहे.

सी-३०३: दहा मिनिटांत काढतो. विषय बदलू नका.

डी-१०४: दहा मिनिटं कालपण झाली होती.

सेक्रेटरी: पार्किंगचं कृपया वेगळं बोला 🙏

सी-३०३: लग्नाला मुलाचं वय २१ आणि सरकार निवडायला १८. या वयात काय कळतं?

ए-१०१: मी सांगतो. २१चं १८ झालं ते ६१व्या घटनादुरुस्तीने, २८ मार्च १९८९ला. मी तेव्हा १९चा. नोव्हेंबरात लोकसभेला रांगेत उभा राहिलो. शिक्का मारला आणि मतपत्रिकेची घडी घालायला हात धजेना. ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटली तर? फुंकर मारत बसलो, मागून अधिकारी ओरडले. घरी वडील म्हणाले होते, ही पोरं मतं वाया घालवणार. ३०३, तुम्हीही त्याच वर्षी पहिलं मत दिलंत. आपण एकाच रांगेत होतो.

ए-५०२: काका 🙏 ऑस्ट्रियाने तर २००७मध्ये वय १६ केलं. ब्राझीलमध्ये १६-१७ वर्षांच्यांना १९८८पासून मत आहे, ऐच्छिक. आपल्याकडे विधानसभा-लोकसभेला उभं राहायला मात्र २५.

डी-१०४: १६?? आमचा १६चा अजून उठलेला नाही 😄

बी-४०२: हसण्यावारी नेऊ नका हो. माझी धाकटी ऑगस्टमध्ये अठराची झाली. महापालिकेला यादी धरली १ जुलै २०२५ची. महिनाभराने हुकलं, आता नगरसेवक निवडायला पाच वर्षं थांबायचं.

ए-५०२: वहिनी, आता वर्षाला चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे ज्या दिवशी १८ पूर्ण लागतात त्या. १ ऑक्टोबरच्या तारखेवर तिचा फॉर्म बसतो.

बी-४०२: भरलाय. विधानसभा-लोकसभेला उपयोग होईल. पण मोठ्याचं ऐका. तो होस्टेलवर, नाव इथल्या यादीत. २०२४च्या लोकसभेला दुसऱ्या दिवशी पेपर. रात्रभर प्रवास करून येणार कसा? राहिलं मत. सैनिकाला टपालाने देता येतं, ८५च्या वरच्यांना घरून. नुसत्या विद्यार्थ्याला यातलं काहीच नाही. शेवटी कॉलेजचा दाखला जोडून नाव होस्टेलच्या पत्त्यावर नेलं. तिथे त्याला कुणी 'बाहेरचा' म्हणून अडवलं असतं तर मला झोप लागली नसती. या तिघींच्या आयाही कुठेतरी बसल्याच आहेत ना.

सी-३०३: मी कुणाच्या मुलीला बोललेलो नाही. तत्त्वाचं बोलतोय. एका माणसाचं एकच मत, एकाच जागी.

ए-१०१: मग त्यांनी तेच तर केलंय.

सी-२०४: बीएलओ (मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकारी) मॅडम रविवारी ११ला पडताळणीला येणार आहेत. आमचा भाडेकरार नोंदणीकृत आहे, लाइटबिल मालकांच्या नावावर. तिघीही घरी थांबतोय.

सेक्रेटरी: वॉचमनला सांगतो, मॅडमना गेटवर अडवू नका म्हणून.

सी-३०३: त्यांना सी विंगची लिफ्ट बंद आहे तेही सांगा. जिन्याने यावं लागेल.

डी-१०४: गाडी?

सी-३०३: काढली.