लेकीचं नाव दोन अक्षरी, मग मधलं नाव कसं जुळवलंत? तुमचे अनुभव लिहा

आमच्या दापोलीकडे मुलीच्या मधल्या नावाचा वेगळा विचार कुणी करत नसे. जन्मल्यावर वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, विषय संपला. पण १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांसाठी महाराष्ट्रात बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरला आहे. भावाच्या मुलीचं बारसं जवळ आलंय. आत्या मी, कानात नाव मला सांगायचंय. नाव ठरलंय जुई. पुढे स्नेहल, चंद्रशेखर आणि भलंमोठं आडनाव. सगळं एका दमात म्हटलं की जुई ऐकूच येत नाही. आजीचं नाव जोडावं का, पत्रिकेतलं नाव मधे घ्यावं का, की आहे ते छान आहे? ज्यांनी हे निभावलंय त्यांनी लिहा. काय ठेवलंत, घरात कोण अडलं, आणि आज मुलीला कशी हाक मारता?

गुहागर, दोन मुलींची आई
अक्षरं मोजू नका, स्वर बघा. मोठी आमची ईरा. तिच्या वेळी आत्तासारखा नियम नव्हता, पण आम्ही हौसेने माझं नाव मधे घातलं. माझं नाव अर्चना. भरभर म्हटलं की 'ईरार्चना' होतं. अंगणवाडीच्या हजेरीपटावरही ते तसंच जोडून लिहिलं गेलं आणि पोर आपलं नाव ओळखेना. बऱ्याच मुलींची नावं 'आ'वर संपतात. त्यापुढे 'अ' किंवा 'आ'ने सुरू होणारं नाव आलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात.

धाकटीच्या वेळी सासूबाईंना उमा हवं होतं. गाव व्याडेश्वराचं, नात झाली तर उमाच, हे त्यांच्या मनात किती वर्षांचं. मी वाद घातला नाही. "आई, माझ्या नावासकट म्हणून बघा," एवढंच म्हटलं. उमा अर्चना, उमा अर्चना असं दोन-तीनदा म्हणाल्या आणि स्वतःच थांबल्या. शेवटी कागदावर सई. सई अर्चना म्हणताना मधे स्वर बदलतो, दोन्ही नावं सुटी राहतात. उमा हे पाळण्यातलं नाव म्हणून बारशाला कानात सांगितलं, आणि सासूबाई अजून तिला त्याच नावाने जवळ घेतात. जुई स्नेहलला ही अडचणच नाही. 'स्ने' जोरकस आहे, त्याआधी 'जुई' स्पष्ट उमटते. माझं मत विचाराल तर काहीही जोडू नका.

मालवण, आजी
माझ्या झिलान चेडवाचा नाव इला ठेवल्यान. नाव गोड, पण हय मालवणात 'चेडू इला' म्हणजे 'मुलगी आली'! वाडीत नुसता इला म्हटल्यार लोक इचारीत, "कोण इला?" म्हणान आम्ही पयल्यापासून तिका 'इला निशा' अशीच हाक मारतंव. निशा तिची आवस. आता शेजारीपण तसाच म्हणतत. आवशीचा नाव मधी इला ता माका लय बरा वाटला, आमच्या टायमाक कोणी इचारूक नाय.

रत्नागिरी
आमची हिबा. अकीक्याला नाव ठेवलं तेव्हा फुफींचा आग्रह होता की नाव एवढंच असू दे, सुटसुटीत. पण तिचे अब्बा दुबईला कामाला. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असलेल्या प्रवाशांना अडवायला सुरुवात केली, त्यामुळे ते फोनवरून रोज बजावायचे. पासपोर्टच्या अर्जात मधल्या नावाची वेगळी चौकट नसते, पहिल्या नावापाठोपाठ त्याच चौकटीत ते लिहायचं. आडनावाची चौकट वेगळी, तीही रिकामी सोडायची नाही. लेकीचं नाव कितीही लहान असो, ह्या दोन चौकटी भरा.

देवरुखजवळचं गाव, सध्या डोंबिवली
सासऱ्यांना त्यांच्या आईचं नाव हवं होतं, आम्हाला रुही. शिमग्याला गावी गेलो तेव्हा त्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला, दोन्ही नावं ठेवायची का म्हणून. उजवा मिळाला, म्हणजे होकार. पहिल्या नावाच्या जागी रुही सरस्वती, मग मी, मग हे, मग आडनाव. पाच शब्द. देवाने दिलेलं आहे, बदलणार नाही. शाळेच्या अर्जात मात्र दर वेळी दाटीवाटीने लिहावं लागतं.

वेंगुर्ला
आमच्याकडे बाप्तिस्म्याला संताचं नाव मिळतं, म्हणून लहान नावाची चिंता पडत नाही. मुलगी आना, बाप्तिस्म्याचं नाव तेरेझा. जन्मदाखल्यावरही दोन्ही लिहून घेतली.

श्रीवर्धन
माझ्या रमाच्या नावात मधे फक्त मी आहे. तिचे वडील ती पोटात असतानाच सोडून गेले. रमा सुनीता, आणि माझं माहेरचं आडनाव. शाळेत दाखल करताना मला तीनदा विचारलं गेलं, वडिलांचं नाव राहिलं का? राहिलं नाही, घातलंच नाही. पासपोर्टच्या नियमांतही डिसेंबर २०१६ पासून आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव चालतं. हे माहीत असल्याने मी काउंटरवर शांतपणे उभी राहू शकले. गेल्या वर्षी तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचं पूर्ण नाव माइकवरून पुकारलं. रमा, मग सुनीता. मांडवात बसलेल्या माझ्या आईने माझा हात घट्ट धरला. जिच्या बाळाच्या नावात मधे एकच नाव असणार आहे, तिला सांगते, ते नाव अपुरं नाही. लहान नावामागे आईचं एकच नाव येतं तेव्हा दोन्ही स्वच्छ ऐकू येतात.

राजापूर, निवृत्त ग्रामसेवक
नाव ठरत नसेल तर घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करा, नावाची जागा रिकामी राहिली तरी चालते. १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. मात्र एकदा घातलेलं नाव बदलून घेणं फार जिकिरीचं. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखलाच मुख्य पुरावा झाला आहे. त्यामुळे आईचं नाव तिच्या आधार कार्डावर जसं आहे तसंच लिहा. लग्नानंतर नाव बदललेल्या आयांच्या बाबतीत इथेच घोळ होतो: दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि पुढे मुलीला प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्र. दापोलीच्या ताई, स्नेहल हे नाव माहेरचं की सासरचं, ते बारशाआधी बघून घ्या. इंग्रजी स्पेलिंगही आत्ताच पक्कं करा. जुईमध्ये 'आय' एक की 'ई' दोन, ह्यावरून माझ्या टेबलापाशी नवरा-बायको भांडलेले आहेत.