मदत हवी आहे : इम्युनोथेरपी चालू असताना एकाच जागी वाढलेल्या गाठीची पुन्हा बायोप्सी करावी का?

माझ्या आईला फुफ्फुसाचा नॉन-स्मॉल सेल कर्करोग असून तो चौथ्या टप्प्यात आहे. कर्कपेशींवरील पीडी-एल१ या, प्रतिकारपेशींना रोखणाऱ्या प्रथिनाचे प्रमाण 50 टक्क्यांहून अधिक होते आणि ईजीएफआर व एएलके या जनुकांमधील बदल सापडले नव्हते, म्हणून केमोथेरपीशिवाय फक्त पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दर तीन आठवड्यांनी सुरू झाले. वर्षभरात छातीतील गाठ निम्म्याहून लहान झाली, खोकला थांबला आणि आई पुन्हा स्वतःच्या पायांनी जिना चढू लागली. ते वर्ष आमच्यासाठी फार मोलाचे होते.

चौदाव्या महिन्यात डाव्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत (मूत्रपिंडावरील ग्रंथीत) नवी गाठ दिसली आणि सहा आठवड्यांनी ती आणखी वाढलेली आढळली. इतर सर्व जागा शांत आहेत. प्रतिकारपेशी शिरल्यामुळे गाठ नुसती फुगलेली दिसण्याची शक्यता इतक्या उशिरा फारशी उरत नाही, असे डॉक्टर सांगतात. त्यांनी दोन मार्ग सुचवले आहेत : केमोथेरपीकडे वळणे, किंवा त्या एकाच गाठीवर नेमके रेडिएशन देऊन हेच औषध पुढे चालू ठेवणे.

माझा प्रश्न त्याआधीचा आहे. हे औषध टी पेशींचा, म्हणजे कर्कपेशींवर हल्ला करणाऱ्या प्रतिकारपेशींचा, लगाम सैल करते, पण कर्कपेशी ओळखूच आली नाही तर मोकळ्या टी पेशी तरी काय करणार? बी२एम जनुक बिघडले की ओळखीची खूण पेशीच्या पृष्ठभागावर येत नाही. जेएके१ किंवा जेएके२ जनुक बिघडले की टी पेशींनी सोडलेल्या इंटरफेरॉन-गॅमा या प्रथिनाचा संदेश कर्कपेशीच्या आत पोहोचत नाही. 2016 साली मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या चार रुग्णांच्या उपचारापूर्वीच्या आणि गाठ पुन्हा वाढल्यानंतरच्या बायोप्सींची तुलना झाली, तेव्हा तिघांत असेच बिघाड आढळले, चौथ्यात मात्र स्पष्ट कारण मिळाले नाही. आईच्या गाठीत असा बदल सापडला, तर उपचाराचा निर्णय प्रत्यक्षात बदलतो का, की ती माहिती केवळ अहवालात राहते? गाठीचे रूपांतर स्मॉल सेल या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या दुसऱ्या प्रकारात झाले असेल तर केमोथेरपीची औषधेच वेगळी लागतील, आणि मला बायोप्सीचे सर्वांत सबळ कारण हेच वाटते.

ज्यांच्या घरी अशी एकच गाठ वाढली होती त्यांनी, तसेच या क्षेत्रातील जाणकारांनी, बायोप्सीतून काय हाती लागले आणि आईच्या डॉक्टरांना आम्ही नेमके काय विचारावे, हे कृपया सांगावे. पुढचा डोस अकरा दिवसांवर आहे.