रविवारी पोरांना प्ले झोनमध्ये नेणं म्हणजे फिरायला नेणं नव्हे!

मीरा_डोंबिवली

स्पष्टच लिहिते, राग आला तर येऊ द्या. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावरचा प्ले झोन ही पोरं ठेवायची जागा आहे, फिरवायची नाही. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या निम्म्या घरांचा रविवार ठरलेला: गाडी काढायची, मॉलच्या बेसमेंटात लावायची, लिफ्टने वर. तासाचे पाच-सहाशे. मोजे घरी विसरलात तर काउंटरवरून त्यांचेच घ्या. आत फोमच्या भिंती, प्लास्टिकचे चेंडू आणि कानठळ्या बसवणारी गाणी. आई-बाप काचेबाहेर मोबाइलमध्ये. मग फूड कोर्ट, तिथे पोराच्या तोंडात घास जावा म्हणून पुन्हा मोबाइल. बेसमेंटातून निघून बेसमेंटात परत. अख्ख्या दिवसात आभाळ दिसलं ते गाडीच्या काचेतून.

आम्ही त्याहून कमी पैशांत भायखळ्याला राणीच्या बागेत जातो. आई-बाबा आणि दोन मुलं मिळून १०० रुपये. लोकलमध्ये पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. डोंबिवलीहून फास्ट पकडली की थेट भायखळा. बाग १८६२ सालची, झाडं अशी की भर दुपारीही सावली असते.

मागच्या खेपेला वाघाच्या काचेपुढे ही गर्दी, आणि आमचा अडीच वर्षांचा पठ्ठ्या माळ्याच्या रबरी नळीपाशी बसलेला. नळीला बारीक भोक होतं. बोट ठेवलं की पाणी बंद, काढलं की फवारा थेट तोंडावर. वाघ नको, पेंग्विन नको. माळीदादांनी नळी पुढे ओढली की हाही मागोमाग. हे तासावर विकत मिळत नाही.

तुम्ही मुलांना कुठे नेता? "वेळ नाही" हे कारण नको. मॉलला वेळ असतोच.

---

कस्तुरी_ह

ताई, रविवार म्हणजे मेगाब्लॉक, हे डोंबिवलीकराला मी सांगायला हवं का? फास्ट गाड्या स्लोवर, स्लो रद्द, आणि इंडिकेटरवर जे लागतं ते येत नाही. एक पोर कडेवर, एक बोटाला, आणि पुलाच्या पायऱ्या. नवरा जनरल डब्यात, मी लेडीजमध्ये. मोठीला बाबा हवा म्हणून तिचा ठाण्यापर्यंत भोंगा.

आता पिशवी. डायपर, ओले रुमाल, दोघांचे दोन-दोन जोड कपडे, गरम पाण्याचा थर्मास, वरणभाताचा डबा, पातळ केलेला वेगळा डबा, तापाचं औषध, टोपी, चादर. ही पिशवी कोण भरतं? घरी आल्यावर उपसतं कोण? आंबट वास मारणारा डबा सोमवारी सकाळी कुणाच्या हाताला लागतो?

मॉलमध्ये डायपर बदलायला खोली असते. तिचा दरवाजा आतून लागतो. याची किंमत ज्याला कळत नाही त्याने आमच्या शहरातल्या एका उद्यानात जावं. बायकांच्या शौचालयाला कुलूप, चावी वॉचमनकडे, वॉचमन जेवायला. सव्वा वर्षाच्या लेकीला मी बाकावर आडवं करून साफ केलंय, समोर एक कुटुंब भेळ खात होतं. त्यांनी पाठ फिरवली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मला आभाळ आवडत नाही असं नाही. मला दाराला कडी असलेली खोली जास्त आवडते.

---

काचेबाहेरचा_बाप

आयडी मुद्दाम नवीन काढला 😄

मी तोच, काचेबाहेर मोबाइल बघणारा. शनिवारी रात्री अकराला घरी पोचतो. रविवारी पोरगा बंद जागेत उड्या मारतोय, रस्ता ओलांडून पळणार नाही, गटारात पडणार नाही, एवढ्या खात्रीवर मला पाऊण तास टेकायला मिळतं. ही गरज आहे, तिला ऐयाशी म्हणू नका.

आणि प्ले झोनमध्ये पोर काय करतं? चढतं, लोंबकळतं, घसरतं, घामाघूम होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलाने दिवसाला किमान १८० मिनिटं हालचाल करावी असं त्यात आहे. ती छपराखाली झाली तर धरायची नाही, असं कुठे वाचलं नाही. जून ते सप्टेंबर तुमच्या राणीच्या बागेत काय करायचं? चिखलात उभं राहून मगर बघायची?

---

मीरा_डोंबिवली

@काचेबाहेरचा_बाप, त्याच सूचनांचं पुढचं पान वाचलं नाहीत वाटतं. दोन ते चार वर्षांना स्क्रीन दिवसाला तासाच्या आत, एक वर्षाच्या बाळाला अजिबात नको. फूड कोर्टातला तो मोबाइल कशात बसवता? बाकी टेकायला मिळावं याबद्दल वाद नाही. पण मग "आज पोरांना फिरवून आणलं" असं स्टेटस टाकू नका, "आज मी बसलो" असं टाका.

@कस्तुरी, आमच्याकडे पिशवी नवरा भरतो. वरणभात नेत नाही. केळी, दशम्या आणि पाणी. एक दिवस पातळ केलेलं वरण मिळालं नाही म्हणून पोर वाळत नाही.

---

कस्तुरी_ह

तुमच्या नवऱ्याला साष्टांग नमस्कार सांगा. धाग्याचं शीर्षक मग असं हवं होतं: पिशवी भरणारा नवरा असेल तर राणीच्या बागेत जा.

---

गिरगावकर_आजोबा

सुनेने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

राणीच्या बागेत जाता तर प्राण्यांपलीकडेही बघा. जुन्या काळ्या घोड्याचा पुतळा तिथेच आहे. ज्याच्यावरून फोर्टातल्या त्या भागाला नाव पडलं, तो साठच्या दशकात इथे आणला. नातवाला मी सांगतो, घोडा इकडे आला पण नाव तिकडेच राहिलं. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात दगडी हत्ती आहे, घारापुरीचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीज त्या बेटाला एलिफंटा म्हणू लागले. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तुकडे झाले, ते पुढे जोडले. चार वर्षांच्या पोराला यातलं "हत्ती तुटला होता" एवढं कळतं आणि पुरतं. आमचा नातू अजून त्याचे सांधे शोधतो.

आम्ही पाच भावंडं. वडील महिन्यातून एकदा चौपाटीवर न्यायचे, एका भेळेत तिघं. कुरकुर नव्हती.

---

प्राजक्ता_३०

आजोबा, हत्तीची गोष्ट फार आवडली, लेकीला सांगणार. पण एक विचारू का? तेव्हा तुमच्या आई चौपाटीवर येत होत्या का? की पाच पोरं बाहेर गेली की तेवढ्यात धुणं उरकत होत्या?

---

गिरगावकर_आजोबा

आई येत नसे. त्या दोन तासांत ती झोपत असे, असं थोरली बहीण सांगते.

आमच्या हिचं म्हणणं वेगळंच आहे, तेही लिहितो. ती म्हणते, चाळीत मुलांना बाहेर न्यावं लागतच नसे. सकाळी दूध प्यायलं की गॅलरीत, तिथून खाली, दुपारी शेजारी जेवून झोपलेलं सापडायचं. हल्लीची मुलं सहा दिवस दाराआड आणि सातव्या दिवशी सहल. मग त्या एका दिवसावर केवढा भार!

---

तळमजला_बी_विंग

आजींना दंडवत. मला हेच लिहायचं होतं.

भांडण बाग की मॉल असं चाललंय, पण सोमवार ते शनिवारचं काय? आमच्या सोसायटीच्या नकाशात मुलांसाठी मोकळी जागा दाखवली आहे. प्रत्यक्षात तिथे आता अकरा गाड्या उभ्या असतात, आणि पाटी: "येथे चेंडू खेळू नये. हुकमावरून." वार्षिक सभेत मी विषय काढला. एक काका म्हणाले, "मुलांना खेळायचंय तर बागेत न्या ना." दुसरे म्हणाले, "हल्ली मॉलमध्ये छान सोय असते." म्हणजे तुमच्या दोघींच्या बाजू आमच्या समितीत आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या गाड्या त्या जागेत उभ्या आहेत.

रोज संध्याकाळी अर्धा तास खाली धावायला मिळालं तर रविवारी कुठे नेलं याने काडीचा फरक पडत नाही. घरी झोपलात तरी चालेल.

---

वऱ्हाडी_ठेचा

सगळे मुंबईवाले! नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीला लेकराले बागेत न्या म्हणणाऱ्याले एकदा इकडं धाडा. दुपारी बारा ते सहा घराबाहेर पाय ठेवता येत नाही. कूलरसमोर बसून बसून पोरं एकमेकाले चावायले लागतात. एसीवाला प्ले झोन म्हणजे आमच्यासाठी पाणपोई आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही महाराजबागेत जातोच की. हवामान पाहून बोला राजेहो.

---

मुके_बोल

प्राणिसंग्रहालयाचं एवढं कौतुक वाचून वाईट वाटलं. तिथला पेंग्विन बर्फातला नसला तरी थंड समुद्राच्या काठचा पक्षी, तो २०१६ मध्ये सोलहून भायखळ्याला आणला आणि एसीत ठेवला. मुलांना यातून काय दाखवतो आपण? पैसे देऊन कुणालाही डांबता येतं? आमच्या मुलीला पिंजऱ्यातला प्राणी दाखवायचा नाही असं आम्ही ठरवलं आहे. घराजवळच्या खाडीवर भरती-ओहोटी बघून जातो, खेकडे आणि बगळे फुकट दिसतात.

---

मीरा_डोंबिवली

@मुके_बोल, मुद्दा खरा आहे, पण आमचा धाकटा वाघाला विचारतही नाही. झाडं, नळी आणि मुंग्यांसाठी १०० रुपये भरतो म्हणा.

@वऱ्हाडी_ठेचा, मे महिना माफ 🙏

@तळमजला, पटलं. पण समितीच्या काकांना उत्तर काय दिलंत?

---

तळमजला_बी_विंग

अजून दिलेलं नाही. माझीही गाडी तिथेच असते, ती आधी हलवतोय. भाड्याने जागा बघितली, महिन्याचे पैसे ऐकून बायको म्हणाली की याहून प्ले झोन स्वस्त पडेल.

---

म्युनिकची_मावशी

इकडे बाबागाडी थेट बसमध्ये चढते, आत तिच्यासाठी वेगळी जागा असते, सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. चार गल्ल्यांमागे एक वाळूचं अंगण. पावसात रबरी पँट घालून पोरं चिखलात लोळतात, आया छत्री धरून गप्पा मारतात. पैसे टाकून खेळायच्या छपराखालच्या जागा इथेही आहेत आणि त्याही भरलेल्या असतात, बरं का. पण तिथे जायचं की नाही हे इथल्या आया आपल्या मर्जीने ठरवतात. कस्तुरीला तो पर्यायच नाही, हे मीराताईंच्या लक्षात येत नाहीये असं वाटतं.

---

कस्तुरी_ह

धन्यवाद मावशी. एवढंच म्हणायचं होतं. मला आळशी, मोबाइलवेडी, पैशांचा माज असलेली आई ठरवून मग "तुम्ही मुलांना कुठे नेता" विचारू नका.

---

एसटी_फॅन

लोकल आणि मॉल सोडून तिसरा मार्ग कुणी बोललंच नाही. लाल परी! पाच वर्षांखाली फुकट, बारापर्यंत हाफ, बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या आजीला शून्य. आम्ही सातारा-वाई-मेणवली करतो. मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा, मागे घाट, घाटावरच्या देवळात ती मोठी पोर्तुगीज घंटा. पोरं पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडतात. बसस्थानकात बाळाला पाजायला हिरकणी कक्ष असतो. उघडा आहे का ते आधी बघून घ्यावं, ही सूचना बायकोची.

---

काचेबाहेरचा_बाप

हिरकणीला कडा उतरावा लागला, इथे चावी शोधावी लागते. प्रगती आहे.

मीराताई, "आज मी बसलो" हे स्टेटस टाकलं. बत्तीस बापांनी लाइक केलंय.

---

मीरा_डोंबिवली

@कस्तुरी, आळशी मी कुणालाच म्हटलं नाही, तरी प्ले झोनबद्दलचं मत तेच आहे. पण तुमच्या त्या कुलपाबद्दल चीड आली. बागेत बाळाचे कपडे बदलायला भिंतीला एक फळी, एक नळ, एक कडी, एवढ्याला काय खर्च येतो? आमच्या वॉर्ड ऑफिसला पत्राचा मजकूर लिहिते आहे. तुमच्या शहरासाठी तोच वापरता येईल. शौचालय बाग उघडल्यापासून बंद होईपर्यंत खुलं, ही पहिली मागणी. आणखी काय घालू?

---

कस्तुरी_ह

फळी पुरुषांच्या बाजूलाही हवी. ती पहिली घाला. म्हणजे पिशवी न भरणाऱ्यालाही आत जाता येईल.

सही करते. जुलैत मात्र मी तिसऱ्या मजल्यावरच असणार.

---

प्राजक्ता_३०

पुरुषांच्या बाजूच्या फळीला +१०००.

अवांतर: राणीची बाग सोमवारी बंद असते की बुधवारी? नवऱ्याची सुट्टी बुधवारी असते.

---

मीरा_डोंबिवली

बुधवारी बंद गं. त्याला रजा काढायला लाव. आणि त्या दिवशी पिशवीही त्यालाच भरू दे.