‘लवाद’ सक्तीचा असू शकतो का?

नीरजा
क्लॉडिया पेखश्टाइन या जर्मन स्पीडस्केटरनं डोपिंगच्या बंदीविरुद्ध दिलेल्या लढ्यावरचा लेख मराठीत आणतेय. ‘सक्तीचा लवाद’ असं लिहिलं, तर तपासणाऱ्या सरांनी खोडलं. लवाद दोन्ही पक्षांच्या संमतीनं नेमतात, सक्ती आली की तो लवाद उरत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण दुखणं तेच तर आहे! २००९ साली हामारच्या जागतिक स्पर्धेत उतरायचं तर फॉर्मवर सही हवीच होती, आणि सही केली की तंटा स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादाकडेच. दुसरा शब्द सुचवा.

जुना वकील
सरांचं बरोबर आहे. आम्ही शिकलो तेव्हा लवाद म्हणजे माणूस. ‘अमक्याला लवाद नेमला’ असं म्हणायचे. आता माणूस, संस्था, प्रक्रिया, सगळ्यांना एकच शब्द.

गोदाकाठ
मग कृष्णा पाणी तंटा लवाद? तो १९५६च्या कायद्याखाली केंद्रानं नेमला, राज्यांनी मिळून निवडला नव्हता. शब्द कधीच पुढे गेलाय.

मैदानवाला
हिंदीत ‘खेल पंचाट’ चालतं. आपण ‘पंचनिवाडा’ घ्या. लवाद मला तरी अरबी-फारसी वाटतो.

नीरजा
खेळाच्या बातमीत पंच म्हणजे अंपायर. वाचक गोंधळेल.

गोदाकाठ
आणि अरबी-फारसी म्हणून लवाद काढायचा, तर वकील, अर्ज, फिर्याद यांचं काय करणार? रुळलेला शब्द आपलाच.

सुमन कोल्हापूर
मला हे सगळं हक्कसोडपत्रासारखं वाटतं. माझ्या आत्यानं दुय्यम निबंधकाकडे सही केली. कागदावर ‘राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय’. सही केली नसती तर माहेर तुटलं असतं. खेळाडूनं सही केली नाही तर मैदान तुटतं. सर ज्याला संमती म्हणतात ती हीच का?

नीरजा
युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं २०१८मध्ये जवळपास हेच म्हटलं. पेखश्टाइनपुढे दुसरा मार्ग नव्हता, म्हणून लवाद सक्तीचा. त्याच निकालात फुटबॉलपटू मुटुवर मात्र तशी सक्ती नव्हती असं ठरलं. सक्तीचा लवाद मुळातच बेकायदा, असंही न्यायालय म्हणालं नाही. पण सक्ती असेल तर न्यायालयासारखी हमी द्या, तिनं मागितलेली उघड सुनावणी नाकारणं चूक.

मैदानवाला
२०२४ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीगीर विनेश फोगट १०० ग्रॅम जास्त वजनामुळे बाद झाली आणि तिचा तंटा याच क्रीडा लवादाकडे गेला, त्यावरून आमच्या तालमीत वस्ताद विचारत होते, ‘पोरगी सुप्रीम कोर्टात का जाईना?’ लवादाच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर स्विस संघीय न्यायालयात, तेही मोजक्याच मुद्द्यांवर, हे सांगितल्यावर त्यांना पटेना. कुस्ती पॅरिसला, पोरगी हरियाणाची, मग स्वित्झर्लंड कुठून आलं?

जुना वकील
आता आपल्याकडे २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण आहे. दिवाणी न्यायालयाची वाट तिथेही बंद, अपील सर्वोच्च न्यायालयात. त्याला कुणी लवाद म्हणू नये.

गोदाकाठ
पेपरवाले म्हणणारच. ‘न्यायाधिकरण’ मथळ्यात मावत नाही.

सुमन कोल्हापूर
बेळगावकडे ‘लवादी’ म्हणतात का कुणी? आजोबांच्या तोंडी ऐकल्यासारखं वाटतं.