ऊन नाही पण ऊब आहे

सूर्यापासून इतक्या लांबचे चंद्र म्हणजे नुसते गोठलेले गोळे, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. उष्णता फक्त उन्हातूनच मिळते असं थोडीच आहे.

गुरूचा चंद्र आयो बघा. त्याची कक्षा किंचित लांबट आहे, त्यामुळे तो गुरूच्या कधी जवळ जातो कधी लांब आणि दर फेरीला तो अख्खा दाबला-ताणला जातो, आणि त्या घर्षणाने आत खडक वितळतो. मग कक्षा हळूहळू गोल का नाही होत? तर आयोच्या चार फेऱ्यांत गुरूच्याच आणखी दोन चंद्रांच्या, म्हणजे युरोपाच्या दोन आणि गॅनिमीडची एक, असा ताल जमलाय, ते दोघं त्याला सतत खेचत राहतात म्हणून. मला तर यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. १९७९ च्या मार्चमध्ये व्हॉयेजर-१ यानाच्या फोटोत नासाची अभियंता लिंडा मोराबिटो हिला आयोच्या कडेला एक फिकट छत्रीसारखं काहीतरी दिसलं, तो ज्वालामुखीचा फवारा निघाला!

शनीचा चंद्र एन्सेलॅडस तर जेमतेम ५०० किमी व्यासाचा, तरी २००५ मध्ये कॅसिनी यानाला त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उडताना दिसले, नंतर यान त्या फवाऱ्यातून गेलं तेव्हा क्षार आणि हायड्रोजन पण सापडला, म्हणजे खाली खारं पाणी आहे आणि ते गरम खडकाला भिडत असावं. शनीभोवतीचं 'ई' नावाचं कडं याच बर्फाचं बनलंय.