मदत हवी आहे : आमदाराने सभागृहात काय विचारलं, कुठे मत दिलं, हे कसं शोधायचं?

अभ्यासिकावाली :

मंडळी, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही काही जण सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका सांभाळतो. स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली येतात. राज्यघटनेची कलमं तोंडपाठ, पण आपल्या आमदारांनी मागच्या अधिवेशनात काय केलं असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. म्हणून सूचना फलकावर दोन तक्ते लावायचं ठरवलंय, एक आमदारांचा, एक खासदारांचा. हजेरी, विचारलेले प्रश्न, मंत्र्यांनी दिलेली उत्तरं आणि कोणत्या विधेयकावर कोणत्या बाजूने मत दिलं.

आमदारांचा कार्यअहवाल मिळाला. गुळगुळीत कागद, पानोपानी सभामंडप, हायमास्ट, पेव्हर ब्लॉक आणि भूमिपूजनाचे नारळ. सभागृहाबद्दल एकच ओळ : 'विधानसभेत शेकडो प्रश्न उपस्थित करून शासनाचे लक्ष वेधले.' कोणते प्रश्न ते नाही. स्वीय सहायकांना विचारलं तर त्यांनी भाषणाच्या दोन क्लिपा पाठवल्या, मागे ढोल-ताशा लावलेल्या.

तर जाणकारांनी सांगावं :
आमदारांचे प्रश्न आणि उत्तरं अधिकृतपणे कुठे मिळतात?
मतदानाची नोंद कुठे असते? मला ती कुठेच सापडेना.
प्रश्नांच्या आकड्याला किती महत्त्व द्यायचं?

आमदारांचं आणि पक्षाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर इथे मूळ विषय राहील बाजूला.

---

टिंबटिंब :

खासदारांचं सोपं आहे, ते आधी उरकून घ्या. संसद डॉट इन या संकेतस्थळावर दोन्ही सभागृहांचे प्रश्न आहेत. सदस्याचं नाव आणि मंत्रालय निवडलं की यादी येते, प्रत्येक प्रश्नाची उत्तरासकट पीडीएफ उतरवता येते. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकिताला मंत्री उभे राहून उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकिताचं उत्तर लेखी, पटलावर ठेवलेलं. कोणाचा प्रश्न लागणार हे चिठ्ठीवर ठरतं, त्यामुळे तारांकित कमी दिसले म्हणून लगेच नाक मुरडू नका.

तयार तक्ता हवा असेल तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था प्रत्येक खासदाराची हजेरी, चर्चेतला सहभाग, प्रश्न आणि खासगी विधेयकं देते, शेजारी राज्याची आणि देशाची सरासरी. एक पथ्य पाळा : मंत्री प्रश्न विचारत नाहीत आणि हजेरीपटावर सहीही करत नाहीत. मंत्र्याच्या नावापुढे शून्य दिसलं तर तो आळस नव्हे. मधूनच मंत्री झालेल्यांचा आकडा तर हमखास फसवतो.

---

जुना वार्ताहर :

ताई, तुमचा दुसरा प्रश्न वाचून हसू आलं, रागावू नका. विधान भवनाच्या पत्रकार कक्षात उमेदीची वर्षं गेली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मतदानाची नोंद सापडत नाही, कारण बहुतेक वेळा ती होतच नाही. विधेयक मताला टाकलं की अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे. दोन्ही बाकांवरून आवाज उठतो, अध्यक्ष 'होय'चे बहुमत जाहीर करतात, विधेयक मंजूर. हे आवाजी मतदान. तुमचे आमदार त्या क्षणी 'होय' म्हणाले, गप्प बसले की कॅन्टीनमध्ये होते, हे कोणत्याच कागदावर येत नाही. जनसुरक्षा विधेयकासारखं वादाचं विधेयकसुद्धा १० जुलै २०२५ रोजी विधानसभेत आवाजी मतदानानेच मंजूर झालं. त्यावर कोण काय बोललं ते कार्यवाहीत सापडेल, २८८ जणांचा हिशेब सापडणार नाही.

नावानिशी नोंद हवी तर कोणीतरी मतविभाजन मागावं लागतं. आमच्या भाषेत 'पोल' मागणं. मागितला म्हणजे मिळतोच असं नाही. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. शिवसेना आणि काँग्रेस मतविभाजन मागत राहिले. सरकार राहणार की जाणार या प्रश्नावरसुद्धा कोणाचं मत कुठे गेलं याची यादी नाही!

याउलट ३० नोव्हेंबर २०१९ चा ठाकरे सरकारचा ठराव (१६९ विरुद्ध शून्य, भाजपचा सभात्याग, चार तटस्थ) आणि ४ जुलै २०२२ चा शिंदे सरकारचा (१६४ विरुद्ध ९९) बघा. दोन्ही वेळा शिरगणती झाली. एकेक सदस्य जागेवर उभा राहून नाव आणि क्रमांक सांगत होता. तुमचे आमदार त्या काळात सभागृहात असतील तर तक्त्यात या दोन नोंदी डोळे झाकून घाला. चित्रफितीही उपलब्ध आहेत.

आणि विधान परिषदेवर आमदारांनी निवडून द्यायच्या जागांचं मतदान गुप्त असतं. मतं फुटली की दुसऱ्या दिवशी जो तो 'तो मी नव्हेच' म्हणतो. तिथे तक्ता रिकामाच ठेवा.

---

लंडनकर :

आमच्याकडे ब्रिटनमध्ये 'दे वर्क फॉर यू' नावाचं संकेतस्थळ आहे. आपला पिनकोड टाकला की खासदाराची मतं, भाषणं, मंत्र्यांना विचारलेले लेखी प्रश्न, सगळं एका पानावर येतं. असं काही महाराष्ट्रासाठी कोणी का करत नाही? डेटा तर सरकारकडेच आहे.

---

जुना वार्ताहर :

नोंदच होत नसेल तर डेटा कुठला असणार, साहेब? तिकडे मतविभाजनाला सदस्य उठून वेगवेगळ्या दालनांतून जातात आणि नावं टिपली जातात. दुसरं, तुमच्याकडे व्हिप, म्हणजे पक्षादेश, मोडला तर पक्ष फार तर बाहेर काढेल, खासदारकी शाबूत राहते. आपल्याकडे १९८५ पासून दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आहे. पक्षादेश झुगारून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर अपात्रतेची टांगती तलवार. त्यामुळे इथलं मत बहुधा पक्षाचंच असतं. आमदाराचं स्वतःचं म्हणावं असं जे काही उरतं ते प्रश्नांत, लक्षवेधीत (तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), औचित्याच्या मुद्द्यात आणि अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने मांडलेल्या, ठरावात. ताईंनी जोर तिथे लावावा, असं माझं मत.

---

टिंबटिंब :

लोकसभेत मात्र घटनादुरुस्तीला मतविभाजन करावंच लागतं आणि कार्यवाहीत दोन्ही बाजूंची नावं छापून येतात. २० सप्टेंबर २०२३ ला महिला आरक्षणाच्या विधेयकावर ४५४ विरुद्ध २ मतं पडली. विरोधातल्या दोघांपैकी एक मराठवाड्यातलेच, औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील. दुसरे असदुद्दीन ओवैसी. ही झाली पक्की नोंद. वक्फ दुरुस्ती विधेयक घटनादुरुस्तीचं नव्हतं, पण तिथेही मतविभाजन झालं, एप्रिल २०२५ मध्ये, २८८ विरुद्ध २३२.

यादी वाचताना सभात्यागाचं भान ठेवा. डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती विधेयकाला शिवसेनेने लोकसभेत पाठिंबा दिला आणि दोनच दिवसांनी राज्यसभेत मतदानाआधी सभात्याग केला. राज्यसभेच्या यादीत त्यांची नावं कोणत्याच बाजूला नाहीत. नुसती यादी बघणाऱ्याला वाटेल, दिल्लीला गेलेच नव्हते.

---

अभ्यासिकावाली :

खूप आभार. म्हणजे आमदारांच्या तक्त्यातला मतदानाचा रकाना जवळजवळ कोराच राहणार. मुलांना हे सांगितलं तर त्यातला एक म्हणाला, 'मॅडम, रकाना काढू नका. कोरा आहे हेच लोकांना दिसू द्या.' पटलं.

विधिमंडळाच्या संकेतस्थळावर तारांकित प्रश्नांच्या याद्या मिळाल्या, पण आमदारांचं नाव टाकून शोधलं की काहीच येत नाही. यादी उघडून नजर फिरवली तर नाव आहे! हे काय गौडबंगाल?

---

कळफलक :

जुन्या फॉन्टचा खेळ आहे. पीडीएफ युनिकोडमध्ये नसेल तर डोळ्यांना देवनागरी दिसते, संगणकाला मात्र आत भलतीच अक्षरं दिसतात. पाहिजे तर दोन ओळी कॉपी करून वहीत चिकटवा, काय अगम्य उतरतं ते बघा. आणि फाइल स्कॅन केलेली असेल तर आत अक्षरंच नाहीत, नुसता फोटो. दोन्हींवर उपाय एकच : पानांची चित्रं करून मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) चालवा. त्यातलं टेसरॅक्ट फुकट आहे, मराठीचं पॅकेज मिळतं. जोडाक्षरांत घोळ होतो, म्हणून पूर्ण नावाऐवजी आडनाव किंवा कंसातलं मतदारसंघाचं नाव शोधा, जे सोपं असेल ते. यादीत नावापुढे मतदारसंघ छापतात, एकाच आडनावाच्या आमदारांत गल्लत होत नाही.

---

अर्जदार :

मी माहिती अधिकारात रमणारा माणूस. आकड्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

यादीतला एक प्रश्न शेवटपर्यंत वाचून बघा. सुरुवातीला नावांची रांग, सात-आठ सहज, कधी त्याहून जास्त. मग साचा ठरलेला : 'सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय : (१) अमुक ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याचे माहे अमुक मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यात काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि खाली उत्तर : '(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) रिक्त पदे भरण्याची कार्यवाही सुरू आहे. (४) प्रश्न उद्भवत नाही.'

नावांच्या रांगेत शेवटून दुसरे असलेल्या आमदारांनीही अहवालात हा एक प्रश्न म्हणून मोजलेला असतो. तुमच्या 'शेकडो'तले बरेचसे असे निघतील. म्हणून तक्त्यात दोन गोष्टी टिपा. पहिलं नाव त्यांचं आहे का, आणि प्रश्न स्वतःच्या तालुक्याचा आहे का. मुंबईतल्या एखाद्या भूखंडावर मराठवाड्यातले आमदार हिरिरीने विचारत असतील तर का, हा वेगळाच प्रश्न. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची खासदारकी गेली, त्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातले दोघे होते. तेव्हा आकडा मोठा म्हणजे काम मोठं, असं समजू नका.

आता खरी गंमत. प्रश्न स्वीकृत झाला की मंत्रालयातून जिल्ह्याला विचारणा येते. कार्यालयात त्याला 'एलएक्यू' म्हणतात. एलएक्यू आला की सगळी कामं बाजूला ठेवून माहिती वर पाठवतात. त्याची प्रत जिल्ह्याच्या नस्तीत राहते. ती मागा. ग्रामीण रुग्णालयाचा प्रश्न असेल तर जिल्हा शल्य चिकित्सक कार्यालयात अर्ज करा, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. विषय एकच आणि शब्द १५० च्या आत ठेवा, नाहीतर त्याच कारणावरून अर्ज परत येईल. मजकूर साधा : 'विधानसभा तारांकित प्रश्न क्रमांक अमुकच्या अनुषंगाने आपल्या कार्यालयाने शासनास पाठविलेल्या माहितीची प्रत, तसेच उत्तरात नमूद कार्यवाहीची आजची स्थिती.'

'हा विधिमंडळाचा विषय आहे' असं कोणी म्हणालं तर पूर्वी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१) च्या शेवटचं वाक्य दाखवता यायचं : जी माहिती संसदेला किंवा राज्य विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही; नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीपासून मात्र त्यावर विसंबता येत नाही.

---

जुना वार्ताहर :

अर्जदारांशी सहमत. एक भर घालतो. सभागृहात मंत्री 'तीन महिन्यांत पदे भरू' असं बोलले असतील तर ते आश्वासन ठरतं आणि त्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. छापील उत्तरात ते सापडणार नाही, उपप्रश्नाला उत्तर देताना मंत्री बोलून जातात. म्हणून त्या दिवसाची कार्यवाही वाचा, किंवा चित्रफीत बघून वेळ टिपून ठेवा. तुमच्या विभागातून विधान परिषदेवर गेलेले पदवीधर आणि शिक्षक आमदारही विसरू नका. त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही, पण अभ्यासिकेतले पदवीधर त्यांतल्या पदवीधर आमदारांचे मतदार होऊ शकतात.

---

अभ्यासिकावाली :

ओसीआर चाललं. मागच्या एकाच अधिवेशनाच्या याद्या चाळल्या. आमदारांचं नाव पुष्कळ ठिकाणी आहे, पहिलं नाव म्हणून फार थोड्या ठिकाणी. आमच्या तालुक्याचा म्हणावा असा एक प्रश्न सापडला, ग्रामीण रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञाच्या रिक्त पदाचा. उत्तर अर्जदारांनी लिहिलंय तसंच, 'कार्यवाही सुरू आहे'. पद अजून रिकामं आहे, सिझेरियनसाठी बायकांना जिल्ह्याला पाठवतात.

शल्य चिकित्सक कार्यालयासाठी अर्ज लिहून झालाय, १५० शब्दांत बसवला. आता एक शंका : अर्ज वाचनालयाच्या लेटरहेडवर द्यायचा की एखाद्याच्या स्वतःच्या नावाने?

---

अर्जदार :

स्वतःच्या नावाने. कायद्यात माहिती मागण्याचा हक्क नागरिकाला आहे, संस्थेच्या नावाने दिलात तर फेटाळायला आयतं निमित्त मिळतं. पोच घ्यायला विसरू नका, तारीख-शिक्क्यासकट. ३० दिवस त्या तारखेपासून मोजायचे आणि एकतिसाव्या दिवशी पहिलं अपील तयार ठेवायचं.