मदत हवी आहे: धूमकेतूच्या स्टॅकमधील ताऱ्यांच्या रेघा काढल्या की शेपटीही पुसली जाते

ऑक्टोबर २०२५ मध्ये लेमन धूमकेतूची (सी/२०२५ ए६) छायाचित्रे मी सोलापूरच्या उत्तरेस, हिप्परगा तलावाच्या बाजूने घेतली. ए.पी.एस.-सी. सेन्सरचा कॅमेरा, २०० मि.मी. लेन्स, स्टार ट्रॅकर (आकाशाच्या गतीनुसार कॅमेरा फिरवणारे यंत्र) आणि प्रत्येकी ६० सेकंदांच्या रॉ फ्रेम्स, असा सरंजाम होता. आपल्याकडून ध्रुवतारा जेमतेम १७.७ अंश उंचीवर, क्षितिजालगतच्या धुरकटात दिसतो, तरीही ध्रुवीय जुळणी (ट्रॅकरचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखणे) ठीक झाली होती. एकेका फ्रेममध्ये तारे गोल आहेत, त्यामुळे ट्रॅकिंगची शंका नसावी.

अडचण स्टॅकिंगमध्ये, म्हणजे अनेक फ्रेम्स एकत्र करून एक चित्र बनवण्यात आहे. धूमकेतू ताऱ्यांच्या तुलनेत सरकत असल्याने त्याच्या केंद्रकावर फ्रेम्स जुळवल्या की ताऱ्यांच्या रेघा होतात. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये अशा जुळवलेल्या फ्रेम्सवर सिग्मा क्लिपिंग (सरासरीपासून फार वेगळी मूल्ये वगळणे) केले, तर तेजस्वी ताऱ्यांच्या तुटक रेघा उरतात. मर्यादा अधिक कडक केली, तर रेघांबरोबर आयन शेपटीचे (विद्युतभारित वायूच्या शेपटीचे) बारीक धागेही जातात, आणि सारा खटाटोप त्यांच्यासाठीच होता. डीपस्कायस्टॅकर या दुसऱ्या स्टॅकिंग सॉफ्टवेअरच्या कॉमेट मोडमध्येही फारसा फरक पडला नाही. तयार स्टॅकवर स्टारनेट (चित्रातून तारे काढणारे सॉफ्टवेअर) चालवल्यास रेघा तशाच राहतात, कारण रेघांना स्टारनेट तारे म्हणून ओळखत नाही. सेन्सर व लेन्सचे दोष दुरुस्त करणाऱ्या डार्क व फ्लॅट फ्रेम्स वापरल्या आहेत.

पुन्हा चित्रण शक्य नाही, लॅपटॉपची रॅम ८ जी.बी. आहे आणि सॉफ्टवेअर मोफतच हवे. अशा स्थितीत स्टॅकिंगपूर्वी प्रत्येक फ्रेममधून स्टारनेटने तारे काढणे योग्य ठरेल का, की सलग फ्रेम्सऐवजी अधिक अंतराने निवडलेल्या फ्रेम्सवर क्लिपिंग केल्यास शेपटी अधिक टिकेल?